शोधनिबंधाची मागची पानं

22 मे 2020 रोजी, करोनाच्या पहिल्या लाटेत जग घरात कोंडलेलं असताना, ‘द लॅन्सेट’मध्ये एक शोधनिबंध आला. सहा खंडांतली 671 रुग्णालयं, 96,032 रुग्ण, आणि निष्कर्ष असा की हायड्रॉक्सीक्लोरोक्विननं फायदा दिसत नाही, उलट मृत्यूचं प्रमाण वाढलेलं दिसतं. तीन दिवसांत जागतिक आरोग्य संघटनेनं आपल्या चाचणीतला त्या औषधाचा भाग थांबवला. मग ऑस्ट्रेलियातल्या पत्रकारांनी साधा हिशेब मांडला. निबंधानुसार तिथल्या रुग्णालयांत 21 एप्रिलपर्यंत 73 मृत्यू झाले होते. त्या तारखेपर्यंत अख्ख्या देशात नोंदलेले मृत्यू होते 67. आशियातलं एक रुग्णालय चुकून ऑस्ट्रेलियाच्या खात्यात धरलं गेलं, असं उत्तर आलं.

आठवडाभरात दुरुस्ती छापून आली. तिच्यात आणखी एक कबुली होती: परिशिष्टातला एस3 क्रमांकाचा तक्ता चुकीचा जोडला गेला होता. खंडाखंडांतल्या रुग्णांची माहिती त्यात होती, पण ती कच्च्या आकड्यांऐवजी आधीच्या एका विश्लेषणात जुळवून घेतलेल्या आकड्यांवरून आली होती. शंभरहून अधिक संशोधकांनी खुल्या पत्रात नेमक्या याच जागी बोट ठेवलं होतं. आफ्रिका असो की उत्तर अमेरिका, सगळीकडचे रुग्ण इतके सारखे कसे? 4 जूनला निबंध मागे घेतला गेला, कारण आकडे पुरवणाऱ्या सर्जिस्फिअर कंपनीनं मूळ डेटा तपासनीसांच्या हाती दिलाच नाही.

निबंधाचा सारांश जगभर वाचला गेला. तक्ता एस3 मात्र शंका आलेल्या मोजक्या लोकांनीच उघडला. विज्ञानपत्रिकांतल्या पुरवणी साहित्याची स्थिती एरवीही अशीच आहे. निष्कर्ष पुढच्या पानांवर असतो, त्याचा पुरावा मागच्या फायलींत असतो, आणि तिथवर फारसं कुणी जात नाही. प्रयोगशाळांत याला ‘सप्लिमेंटरी’ म्हणतात, रसायनशास्त्रवाले ‘एसआय’ म्हणतात. जादा आलेख, लांबलचक तक्ते, उपकरणांच्या नोंदी, प्रश्नावल्या, संगणकाचा कोड, व्हिडिओ, असं सगळं त्यात येतं. बहुतेक ठिकाणी ते तयार करण्याचं काम निबंध जवळपास स्वीकारला गेल्यावर, रात्री उशिरा, गटातल्या सर्वांत कनिष्ठ विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतं.

कल्पना तशी जुनी आहे. छापील पत्रिकेत पान महाग असायचं आणि लांब तक्त्यांना संपादक कात्री लावायचे. 1937 मध्ये अमेरिकन डॉक्युमेंटेशन इन्स्टिट्यूट स्थापन झाली आणि तिनं साहाय्यक प्रकाशनाची सोय काढली. निबंधाच्या तळाला एक टीप असायची: सविस्तर तक्ते हवे असतील तर अमुक क्रमांकाचा दस्तऐवज मागवा, मायक्रोफिल्म किंवा छायाप्रतीचे इतके डॉलर पाठवा. ब्रिटनमध्ये असाच साठा बॉस्टन स्पा इथल्या ग्रंथालयात ठेवला जाई. पैसे भरून, टपालाची वाट पाहून जो वाचक तक्ता मागवायचा, तो बहुधा वाचायचाही.

इंटरनेट आलं आणि पानाची किंमत शून्यावर आली. मग काय, धरणच फुटलं. ‘जर्नल ऑफ न्यूरोसायन्स’नं 2003 मध्ये पुरवणी साहित्य घ्यायला सुरुवात केली आणि सात वर्षांत पुरवणीचा सरासरी आकार मूळ निबंधाच्या बरोबरीला येऊ लागला. तेव्हाचे मुख्य संपादक जॉन मॉन्सेल यांनी ऑगस्ट 2010 मध्ये जाहीर केलं की 1 नोव्हेंबरपासून पुरवणी साहित्य घेणार नाही, ठेवणारही नाही. त्यांचं निदान कुठल्याही संशोधकाला पटेल असंच होतं. परीक्षक पुरवणी नीट तपासत नाहीत, कारण तेवढा वेळच नसतो. पण तेच परीक्षक हा एक प्रयोग करून पुरवणीत टाका, तो एक आलेख जोडा, अशा मागण्या करत राहतात. मग लेखकही हुशार होतात आणि परीक्षक जे जे विचारू शकेल ते आधीच पुरवणीत भरून ठेवतात. दोघंही एकमेकांना थकवतात, आणि अर्धवट तपासलेला मजकूर ‘परीक्षित’ या शिक्क्यासह बाहेर पडतो.

इतका टोकाचा उपाय फारशा पत्रिकांनी केला नाही. ‘सेल’नं पुरवणीतल्या आकृत्या मुख्य आकृत्यांशी बांधून त्यांच्या संख्येवर मर्यादा घातली. ‘नेचर’नं 2013 पासून ‘विस्तारित डेटा’ नावाचा मधला वर्ग काढला. त्यात दहापर्यंत आकृत्या किंवा तक्ते निबंधाच्याच ऑनलाइन अंगात बसतात. त्याच वर्षी अमेरिकेतल्या नायसो या मानक संस्थेनं शिफारशी काढल्या. त्यातला एक भेद आजही उपयोगी आहे. जे वाचल्याशिवाय निबंधाचा निष्कर्ष समजत वा पटत नाही ते अंगभूत. ते केवळ जागेअभावी बाहेर ठेवलेलं असतं आणि त्याची तपासणी, संपादन, जतन मूळ निबंधासारखंच व्हायला हवं. बाकीचं ते जादा.

हा भेद कसा पाळतात हे पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं फार पूर्वी करून दाखवलं आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम 1919 मध्ये सुरू झालं आणि 1966 मध्ये पूर्ण झालं. विष्णु सीताराम सुकथनकरांनी घालून दिलेल्या पद्धतीत स्वीकारलेली संहिता वर, पाठभेद त्याच पानाच्या तळाला, छोट्या प्रक्षिप्त ओळी तारांकित करून तिथंच, आणि लांबलचक प्रक्षेप मागच्या परिशिष्टात. कोणत्या पोथीत काय आहे हे ज्याला तपासायचं त्याला पानापानावर तपासता येतं. ज्याला नुसती कथा हवी त्याची वाट अडत नाही. परिशिष्टात काय जावं याचा निर्णय तिथं संपादकांनी आधी घेतला होता. विज्ञानपत्रिकांत तो बहुतेक वेळा पृष्ठमर्यादा घेते.

पुरवणीच्या चुकांचं सर्वांत गाजलेलं प्रकरण एका साध्या स्प्रेडशीटचं आहे. माणसाच्या जनुकांना छोटी नावं असतात आणि त्यातलं एक कुटुंब ‘सेप्ट’ या अक्षरांनी ओळखलं जाई, दुसरं ‘मार्च’ या. एक्सेलच्या रकान्यात ‘सेप्ट2’ लिहून एंटर दाबलं की एक्सेल समजतं ही 2 सप्टेंबर. जनुक जातं, तारीख उरते. जपानच्या रिकेन संस्थेच्या क्रमांकांत मधोमध ‘ई’ हे अक्षर आलं, तर एक्सेल त्याला दहाचा घात समजून भलीमोठी संख्या करून टाकतं. वीस हजार ओळींच्या यादीत असे पाचपंचवीस बदल डोळ्यांना दिसत नाहीत, आणि फाइल एकदा सेव्ह झाली की मूळ नाव परत मिळत नाही. हा धोका 2004 मध्येच छापून आला होता. 2016 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मार्क झीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 18 पत्रिकांच्या 2005 ते 2015 मधल्या पुरवणी फायली यंत्रानं चाळल्या. जनुकांच्या एक्सेल याद्या जोडलेल्या 3,597 निबंधांपैकी 704 मध्ये अशा चुका निघाल्या, म्हणजे पाचातल्या एका निबंधात. बारा वर्षांपूर्वीचा इशारा वाया गेला होता.

पुढे 2021 मध्ये त्याच गटानं मोठ्या प्रमाणावर पुन्हा मोजणी केली, तेव्हा प्रमाण कमी होण्याऐवजी तीस टक्क्यांवर गेलेलं दिसलं. मधल्या काळात जनुकांना नावं देणाऱ्या समितीनं हात टेकले होते. 2020 मध्ये तिनं एक्सेलला चकवण्यासाठी ‘सेप्ट1’चं ‘सेप्टिन1’ केलं आणि ‘मार्च1’चं ‘मार्चएफ1’. मायक्रोसॉफ्टनं हे आपोआपचं रूपांतर बंद करायची सोय दिली ती 2023 मध्ये. एका कार्यालयीन सॉफ्टवेअरसाठी मानवी जनुकांचं नामांतर व्हावं, हा प्रकार हसण्यावारी नेण्यासारखा असला तरी त्यातून एक गोष्ट उघड झाली. त्या 704 निबंधांचे लेखक, परीक्षक, संपादक, कुणीही पुरवणीची फाइल उघडून वरपासून खालपर्यंत पाहिलेली नव्हती.

एका ओळीचा फरक किती महागात पडतो याचा दाखला ड्यूक विद्यापीठाचा. 2006 मध्ये तिथल्या एका गटानं ‘नेचर मेडिसिन’मध्ये दावा केला की कर्करोगाच्या गाठीतल्या जनुकांच्या सक्रियतेवरून कोणत्या रुग्णाला कोणतं केमोथेरपीचं औषध लागू पडेल ते सांगता येतं. ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कर्करोग केंद्रातल्या डॉक्टरांना ही पद्धत वापरायची होती, म्हणून त्यांनी आपल्याकडच्या संख्याशास्त्रज्ञांना, कीथ बॅगर्ली आणि केव्हिन कूम्ब्स यांना, ती समजून घ्यायला सांगितलं. दोघांनी जाहीर फायली आणि जनुकांच्या याद्या घेऊन उलट दिशेनं वाट काढायला सुरुवात केली. आलेख जुळत होते, नावं जुळत नव्हती. अखेर उलगडा झाला: यादी एका ओळीनं सरकलेली होती. शीर्षकाची ओळ धरायची की सोडायची यातला घोळ, आणि प्रत्येक आकड्यासमोर शेजारच्या जनुकाचं नाव. काही ठिकाणी तर औषधाला दाद देणाऱ्या पेशी आणि न देणाऱ्या पेशी यांची लेबलंच उलटी होती. म्हणजे रुग्णाला नेमकं चुकीचं औषध सुचवलं जाण्याची शक्यता.

त्यांचा सविस्तर लेख 2009 मध्ये संख्याशास्त्राच्या पत्रिकेत आला, तोवर ड्यूकमध्ये या पद्धतीवर रुग्णांच्या चाचण्या सुरू झालेल्या होत्या. चाचण्या 2010 मध्ये बंद पडल्या, निबंध जानेवारी 2011 मध्ये मागे घेतला गेला आणि पुढे अमेरिकन सरकारी चौकशीत संशोधनातला गैरव्यवहार सिद्ध झाला. या प्रकरणात पुरवणी होती हे नशीब म्हणायचं. ती अपुरी आणि चुकीची होती, पण होती, म्हणूनच चोर सापडला. मात्र दोन निष्णात माणसांची वर्षं त्यात गेली. कोड आणि मूळ आकडे नीट जोडलेले असते तर हेच काम किती लवकर झालं असतं!

पुरवणीचं काम शिस्तीनं कसं होतं हे पाहायचं तर स्फटिकशास्त्राकडे जावं. प्रथिनांच्या रचनांची बँक 1971 मध्ये अवघ्या सात रचनांनिशी सुरू झाली, आणि आज रचना तिथं जमा केल्याशिवाय प्रथिनाच्या रचनेवरचा निबंध कुठलीही नामांकित पत्रिका घेत नाही. लहान रेणूंसाठी आंतरराष्ट्रीय स्फटिकशास्त्र संघानं 1990 च्या सुमारास ‘सिफ’ हा फाइलचा साचा ठरवला. अणूंच्या जागा, कोन, अंतरं, मोजणीचं तापमान, सगळं ठरलेल्या नावांनी ठरलेल्या जागी. ती फाइल तपासयंत्रात टाकली की ते इशारे देतं. ‘ए’ दर्जाचा इशारा आला की लेखकाला एक तर चूक सुधारावी लागते किंवा कारण द्यावं लागतं. परीक्षक दमला असला तरी यंत्र दमत नाही.

या शिस्तीचं फळ 2010 च्या जानेवारीत दिसलं. ‘अ‍ॅक्टा क्रिस्टलोग्राफिका’च्या ‘ई’ विभागानं चीनमधल्या एका विद्यापीठातून आलेल्या किमान 70 रचना बनावट असल्याचं जाहीर केलं. युक्ती सोपी होती. एका खऱ्या स्फटिकाची मोजमापं घ्यायची, त्यातला धातूचा अणू कागदावर बदलायचा, की झाला नवा रेणू. पण कच्ची मोजमापंही पुरवणीत देणं सक्तीचं असल्यामुळे तपासनीसांना दोन ‘वेगवेगळ्या’ रेणूंमागचे आकडे एकमेकांवर ठेवून पाहता आले, आणि ते एकच निघाले. पीडीएफमध्ये चिकटवलेल्या चित्रावरून हे कधीच कळलं नसतं.

कार्बनी रसायनशास्त्रात पुरवणी आणखी जाड असते. एका निबंधात चाळीस नवी संयुगं असतील तर प्रत्येकाची कृती, वितळणबिंदू, एनएमआरचे आलेख, वस्तुमान मोजणी, अशी दीडदोनशे पानं सहज होतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत असो की झुरिकमध्ये, पुढच्या पिढीतला विद्यार्थी ते संयुग करायला घेतो तेव्हा निबंध बाजूला ठेवून हीच पानं उघडतो. आणि तिथं काय सापडेल सांगता येत नाही! 2013 मध्ये ‘ऑर्गनोमेटॅलिक्स’ या पत्रिकेतल्या एका निबंधाच्या पुरवणीत एका सहलेखकानं दुसऱ्याला लिहिलेली सूचना तशीच राहून गेली: इथं एनएमआरचे आकडे टाक, ते आहेत कुठे, आणि या संयुगाचं मूलद्रव्य-विश्लेषण जमवून टाक. वाचकांनी ती पाहिल्यावर गदारोळ झाला आणि संपादकांना लेखकांकडून खुलासा मागवावा लागला. सूचनेचा अर्थ काय लावायचा यावर वाद घालता येईल. पण हा मजकूर अनेक सह्या होऊन, परीक्षकांच्या हाताखालून पार पडला होता, यावर वाद नाही.

कधी कधी पुरवणी हाच खरा निबंध असतो. डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या कंपनीची प्रथिनांच्या घड्या ओळखणारी ‘अल्फाफोल्ड 2’ ही प्रणाली जुलै 2021 मध्ये ‘नेचर’मध्ये आली. मुख्य निबंध थोडक्यात आटोपला होता. त्याची साठेक पानांची पुरवणी मात्र पायरी-पायरीनं लिहिलेल्या कृतींनी भरलेली होती, आणि सोबत कोडही खुला होता. त्याच्या आधारे इतर गटांनी ती प्रणाली पुन्हा बांधून दाखवली. 2024 च्या मे महिन्यात अल्फाफोल्ड 3 आला तेव्हा कृतीची रूपरेषा पुरवणीत होती, कोड नव्हता. शास्त्रज्ञांनी जाहीर नाराजी कळवली आणि नोव्हेंबरमध्ये शैक्षणिक वापरापुरता कोड बाहेर आला. पहिल्या वेळी दाखवलेली उदारता दुसऱ्या वेळी व्यापाराच्या हिशेबात बसली नसावी, असं म्हटलं तर अन्याय होणार नाही.

आकडे खुले ठेवले की काय होतं ते गुरुत्वीय लहरींच्या शोधात दिसलं. त्यात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले शास्त्रज्ञही सामील होते. 11 फेब्रुवारी 2016 रोजी निबंध आला आणि लहर नोंदली गेली त्या क्षणाभोवतीचा डेटाही लोकांसाठी खुला झाला. पुढच्याच वर्षी कोपनहेगनच्या एका गटानं तोच डेटा घेऊन गोंगाटाबद्दल शंका काढल्या. इतरांनीही तोच डेटा घेऊन स्वतंत्रपणे पडताळणी केली आणि लहर खरी असल्याचा निर्वाळा दिला. भांडण आकड्यांवर झालं, आकडे कुठे आहेत यावर नाही.

‘डेटा मागितल्यास दिला जाईल’ हे वाक्य मात्र विज्ञानातल्या सर्वांत पोकळ वाक्यांपैकी आहे. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासासाठी क्रोएशियातल्या संशोधकांनी हे वाक्य लिहिणाऱ्या 1,792 निबंधांच्या लेखकांना खरोखरच पत्रं धाडली. डेटा दिला 122 जणांनी. शंभरात सात! त्याआधी 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी टिमथी व्हाइन्स आणि सहकाऱ्यांनी प्राणी-वनस्पतींवरचे 516 निबंध निवडून डेटा मागितला होता. निबंध जितका जुना तितकी डेटा हयात असण्याची शक्यता कमी, आणि ही घसरण दरवर्षी सतरा टक्क्यांची. कारणं घरगुती होती: ईमेल बदलला, संगणक भंगारात गेला, फ्लॉपी वाचणारं यंत्र उरलं नाही. लेखकाच्या संस्थेच्या संकेतस्थळावर ठेवलेल्या फायलींची गतही वेगळी नसते.

यावर इलाज म्हणून ड्रायड, फिगशेअर, सर्नचं झेनोडो यांसारखी स्वतंत्र भांडारं आली. तिथं प्रत्येक संचाला कायमचा ओळखक्रमांक मिळतो आणि त्याचा स्वतंत्र संदर्भ देता येतो. एरवी पुरवणीतल्या संदर्भांची मोजणी होत नाही. फ्रांक झेबर यांनी 2008 मध्येच ‘नेचर’मध्ये ही तक्रार मांडली होती. ज्याची पद्धत वापरली त्याचा उल्लेख पुरवणीत गेला की त्याचं श्रेय बुडालं. भारतात जैविक डेटासाठी फरीदाबादला इंडियन बायोलॉजिकल डेटा सेंटर नोव्हेंबर 2022 मध्ये सुरू झालं. परदेशी डेटा-बँकांवरचं अवलंबित्व त्यानं कमी व्हायला हवं.

सगळंच उघड करायचं असंही नाही. रुग्णाचं वय, गाव आणि दुर्मीळ आजार एकाच ओळीत आले की नाव न लिहिताही माणूस ओळखता येतो. लहान तालुक्यात तर पाच मिनिटांत. प्राण्यांचंही तसंच आहे. 1999 मध्ये वर्णन झालेली चीनमधली गुहेतली एक पाल, गोनियुरोसॉरस लुई, निबंधात तिचं ठिकाण आल्यावर व्यापारासाठी पकडणाऱ्यांनी त्या ठिकाणाहून संपवली. 2017 मध्ये ‘सायन्स’मध्ये दोन ऑस्ट्रेलियन जीवशास्त्रज्ञांनी म्हणूनच कळकळीनं लिहिलं, की दुर्मीळ जातींचे नेमके अक्षांश-रेखांश छापू नका. सह्याद्रीतल्या एखाद्याच सड्यावर किंवा एखाद्याच ओहोळात सापडणाऱ्या पाली-बेडकांवर काम करणाऱ्यांनी पुरवणीचा तक्ता बनवताना हे आधी वाचावं. नेमके आकडे संग्रहालयाकडे द्यावेत, तक्त्यात तालुका पुरे.

प्रत्यक्ष तयारीत अवघड असं काही नाही. कंटाळवाणं पुष्कळ आहे. आकडे पीडीएफमध्ये अडकवू नयेत, साध्या मजकूर-तक्त्यात द्यावेत. रकान्याचं नाव, एकक, आणि रिकामी जागा म्हणजे शून्य की मोजलंच नाही, हे एका ‘रीडमी’ फाइलमध्ये लिहावं. पिवळ्या रंगानं दाखवलेल्या ओळी साध्या फाइलमध्ये पांढऱ्या होतात, म्हणून रंगाऐवजी वेगळा रकाना करावा; जोडलेले रकाने सोडवावेत. ‘फायनल_फायनल_नवी2’ या नावाची फाइल पत्रिकेकडे जाऊ देऊ नये. प्रत्येक पुरवणी आकृतीचा मुख्य मजकुरात निदान एकदा उल्लेख असावा. ज्या आकृतीचा उल्लेख करायला जागा सापडत नाही ती बहुधा नकोच असते. आणि ही फाइल पहिल्या प्रयोगाच्या दिवशी उघडावी, निबंध स्वीकारल्याचं पत्र आल्यावर नव्हे.

पत्रिकांकडूनही अपेक्षा आहे. हजारो डॉलर प्रकाशनशुल्क घेणाऱ्या पत्रिकेला पुरवणी तपासणारा एक पगारी माणूस परवडत नाही, हे पटण्यासारखं नाही. स्फटिकशास्त्रानं जे तीस वर्षांपूर्वी केलं ते जनुकांच्या यादीसाठी किंवा रुग्णांच्या तक्त्यासाठी करायला तंत्रज्ञानाची अडचण उरलेली नाही, इच्छेची आहे. तोवर मार्गदर्शक प्राध्यापकांना एवढीच विनंती: निबंधावर शेवटचं नाव तुमचं असतं, तर ‘सबमिट’ दाबण्याआधी पुरवणीतली प्रत्येक फाइल स्वतःच्या संगणकावर एकदा उघडा, आणि कुठल्याही दहा ओळी विद्यार्थ्याच्या प्रयोगवहीशी ताडून पाहा.